चादरीचं दुसरं टोक

माझं दुकान चौकटींचं आहे. चित्रं, फोटो, पदव्या, भरतकाम, जे काही भिंतीवर टांगायचं असेल ते लोक माझ्याकडे घेऊन येतात आणि मी त्याला काच बसवून चौकट करून देतो. एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला चपला-बूट दुरुस्त करणारा, मध्ये मी. आमची ही म्हणते, तुम्हा तिघांनाही अख्खा माणूस कधी दिसतच नाही. एकाला डोळे दिसतात, दुसऱ्याला पाय आणि तुम्हाला नुसत्या कडा. तिचं अगदीच चुकत नाही. चित्र हातात आलं की मी आधी त्याच्या कडाच बघतो. घडीताईंच्या चित्रांतली ती गोष्ट इतरांच्या आधी माझ्या लक्षात आली ती त्यामुळेच असेल.

घडीताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते आमच्या दुकानात पडलं आणि मग चिकटलंच. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या त्रेपन्न-चोपन्न वर्षांच्या असतील. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, चालताना डाव्या बाजूला किंचित कललेल्या. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये एक कागद जपून आणला होता. चित्र काढणारी माणसं चित्र दाखवताना घसा खाकरतात, दोन पावलं मागे सरतात, काहीतरी सांगायला लागतात. यांनी कागद टेबलावर ठेवला आणि काच साधी हवी, चमकणारी नको, एवढंच सांगितलं.

जलरंगातलं चित्र होतं. एक पांढरी चादर, घडी घालायला धरलेली. डाव्या बाजूला तिची दोन टोकं धरलेले दोन हात, मनगटापर्यंतच. मागे उंच खिडकी, वाफेनं धुरकटलेली, आणि खाली लोखंडी ढकलगाडीचं एक चाक. चादर उजवीकडे ताणत जात होती आणि कागद संपत होता तिथे सरळ बाहेर निघून गेली होती. दुसरं टोक कुणी धरलंय, खुंटीला अडकवलंय की काय, काही कळायला मार्ग नव्हता. मी सवयीनं गुण्या लावून कोन तपासला. चादरीची वरची कड उजवीकडे चढत होती, चांगली दोन बोटं. मला वाटलं, नवशिक्या हाताची चूक. मी म्हटलं, ताई, भोवतीचा पुठ्ठा थोडा तिरका कापला तर ही कड सरळ दिसेल. त्यांनी चित्रावर तळहात ठेवला. "नको भाऊ. ती तशीच आहे," म्हणाल्या.

तीन-चार महिन्यांनी दुसरं चित्र आलं, मग तिसरं. सहा वर्षांत एकोणीस चित्रं माझ्या हातांखालून गेली. खिडकीतला उजेड बदलायचा, कधी सकाळचा, कधी टळटळीत दुपारचा. कधी मागे गाठोड्यांचा ढीग असायचा, कधी नळाची पाइप, कधी नुसती ओली फरशी. एकदा चादर पांढरी नव्हतीच, शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या कपड्यासारखी फिकट हिरवी होती. पण दर वेळी दोन हात डावीकडे, चादर उजवीकडे कागदाबाहेर, आणि वरची कड चढती. एकोणीस वेळा कुणी तीच चूक करत नाही, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. पण विचारायला जीभ उचलेना. गिऱ्हाइकाला चित्राबद्दल विचारू नये असं माझे वडील सांगायचे. लोक एकतर रडतात नाहीतर दुपार खातात.

त्यांची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, काही त्यांच्याकडून, बरीचशी त्यांच्या भावजयीकडून. त्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. वयाच्या चोविसाव्या वर्षी लागल्या त्या निवृत्त होईपर्यंत तिथेच. लग्न केलं नाही. भावाच्या घरी मागची खोली त्यांची, आणि त्या खोलीत खिडकीशी इस्त्रीचं टेबल, त्याच्यावरच चित्रं. भावजय तोंडानं फटकळ पण मनानं मोकळी. ती मला सांगायची, "आमच्या ताईंना जन्मभर चादरी पुरल्या नाहीत. घरी येऊन पुन्हा चादरीच. मी एकदा म्हटलं, अहो, एखादं फूल काढा, तर मला म्हणाल्या, फुलाची घडी कशी घालायची ते मला माहीत नाही."

चित्रकला त्या शिकल्या वाचनालयातल्या रविवारच्या वर्गात. वर्ग फुकट होता. शिकवायला एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते, कडक शिस्तीचे. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर कापड अंथरून तीन फळं ठेवली आणि सगळ्यांना काढायला सांगितलं. बाकीच्यांनी फळं काढली. घडीताईंनी टेबलावरचं कापड काढलं, त्याच्या एकूण एक सुरकुत्यांसकट, आणि फळांच्या जागी तीन कोरी गोल भोकं ठेवली. मास्तर बराच वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं, की पुढच्या वेळी घरून हवा तो कपडा आणा, फळांच्या वाटेला जाऊ नका. पांढरा रंग त्यांनी आयुष्यात विकत घेतला नाही. पांढरं म्हणजे कागद, तो कोरा सोडायचा आणि भोवतीनं सावल्या भरायच्या, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. कारण कुठल्याच दोन चादरी सारख्या पांढऱ्या नसतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बालविभागातली चादर फार वेळा उकळल्यामुळे पिवळसर, प्रसूतीची नीळ जास्त झालेली, बाह्यरुग्णांची राखी. मला त्या एकदा चित्रावर बोट ठेवून सांगत गेल्या आणि तेव्हापासून मला स्वतःच्या घरच्या चादरी बघवेनात.

मास्तरांनीच हट्टानं प्रदर्शन भरवलं. वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल, दहा दिवस. घडीताईंच्या ते फार जिवावर आलं होतं, पण मास्तरांना नाही म्हणणं त्यांना जमत नसे. उद्घाटनाला कला महाविद्यालयातले एक प्राध्यापक बोलले. छान बोलले. इस्पितळातली पांढरी चादर म्हणजे माणसाचं शेवटचं वस्त्र, ती चौकटीबाहेर जाते म्हणजे जीव या जगाबाहेर जातो, आणि तिची चढती कड म्हणजे सुटका, असं त्यांनी उलगडून सांगितलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. भावजय माझ्या मागे बसली होती, ती हळूच कुणालातरी म्हणाली, "असेल बाई, आम्हाला काय कळतंय." घडीताई पुढच्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा बसथांब्यावर बसलेल्या माणसासारखा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन चित्रांचे आकडे सैल झाले म्हणून मी पक्कड घेऊन हॉलमध्ये गेलो. त्या एकट्याच होत्या, दाराजवळच्या खुर्चीवर. काम करता करता मी शेवटी विचारलंच, प्राध्यापक म्हणाले ते बरोबर होतं का.

"दुसऱ्या टोकाला ती असायची," त्या म्हणाल्या. "ती उंच होती, म्हणून कड वर जाते. बाकी काही नाही."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. मोठ्या चादरीची घडी एकट्यानं घालता येत नाही. दोन माणसं लागतात. दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या, टोकं धरायच्या, झटका द्यायच्या, मग एकमेकींकडे चालत यायच्या. हातांना हात लागले की एकीनं टोकं दुसरीच्या हातात द्यायची आणि खाली वाकून घडीची कड उचलायची. पुन्हा मागे, पुन्हा जवळ. दिवसाला चारशे चादरी. घडीताई आणि ती, तेवीस वर्षं. एक बुटकी, एक जवळजवळ सहा फुटांची. धुलाईखान्यात त्यांना शिडी आणि पाट म्हणत. शिडी दोन वर्षं आधी कामाला लागलेली, आणि घडीताईंना काम तिनंच शिकवलेलं. तेवीस वर्षांत त्या दोघी एकमेकींच्या घरी फार तर पाच-सहा वेळा गेल्या असतील. पण दिवसातून चारशे वेळा समोरासमोर आल्या, आणि जवळ येताना जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. घरचं, दारचं, सासूचं, सुपरवायझरचं. एक वाक्य एका घडीत, पुढचं वाक्य पुढच्या घडीत.

मग घडी घालणारं मशीन आलं. मशीनला कपडा भरवायला एकच बाई पुरणार होती. सुपरवायझरनं घडीताईंना खोलीत बोलावलं आणि विचारलं, दोघींपैकी कोण थांबेल, तूच सांग. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्यांच्या तोंडून निघून गेलं, मी.

"विचार केला असता तर काय म्हणाले असते, माहीत नाही," त्या मला म्हणाल्या. "पण विचार करायच्या आधीच बोलले. त्याचंच वाईट वाटतं."

महिनाअखेरीला शिडीनं आपला ॲप्रन काढला, त्याची चौकोनी घडी घातली, ती घडीताईंच्या हातात दिली आणि निघून गेली. एक शब्द बोलली नाही. पुढची अकरा वर्षं घडीताई एकट्या मशीनसमोर उभ्या राहिल्या. मशीन बोलत नसे. त्या रविवारच्या वर्गाला जायला लागल्या ते मशीन आलं त्याच वर्षी.

मी म्हटलं, प्रदर्शनाचं तिला कळवा ना. त्यांनी मान हलवली. "कोणत्या तोंडानं कळवू?" एवढंच म्हणाल्या आणि मला तिसऱ्या चित्राचा आकडाही बघायला सांगितलं.

पाचव्या दिवशी वर्तमानपत्रात प्रदर्शनाबद्दल चार ओळी आणि एका चित्राचा फोटो आला. सहाव्या दिवशी दुपारी मी पुन्हा हॉलमध्ये होतो. मास्तरांना सगळी चित्रं दोन बोटं खाली घ्यावीशी वाटत होती, आणि मास्तरांना नाही म्हणणं मलाही जमत नसे. घडीताई खाली चहाला गेल्या होत्या. जिना चढून एक म्हातारी आली, सुती साडी, खांद्याला पिशवी. दारातून आत येताना तिनं मान खाली घातली. दार चांगलं उंच होतं, पण आयुष्यभर डोकं आपटून घेतलेल्या माणसाला ती सवय लागते. मी ओळखलं. मी शिडीवर चढलेला होतो, खऱ्या शिडीवर, तिथून उतरावं की नाही कळेना.

ती एकेका चित्रासमोर थांबत गेली. घाई नाही. सहाव्या-सातव्या चित्राशी येऊन तिनं मला विचारलं, की ही सगळी एकाच बाईनं काढलीत का. मी हो म्हटलं. ती चित्राच्या आणखी जवळ गेली.

"अंगठे बरोबर आहेत," ती म्हणाली. "ती अंगठा आत घालून धरायची. मी हजारदा सांगितलं, नख उलटेल, बाहेर ठेव. ऐकेल तर शपथ."

तेवढ्यात घडीताई आल्या. दारातच थांबल्या. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी हातातल्या खिळ्याकडे बघत राहिलो, पण कान काही मिटता येत नाहीत. मग घडीताईंनीच तोंड उघडलं. त्यांनी काही सजवलं नाही, पदरचं काही घातलं नाही. म्हणाल्या, "मला विचारलं होतं, दोघींतली कोण थांबेल. मी माझं नाव घेतलं."

"ठाऊक आहे," शिडी म्हणाली. "मलाही विचारलं होतं. तुझ्या आदल्या दिवशी."

घडीताईंना ते कळायला वेळ लागला. "मग तू काय सांगितलंस?"

"मीही माझंच नाव घेतलं. आणि वर सांगितलं, की हिची पाठ गेलेली आहे, हिच्यानं वाकवत नाही, मीच हिच्या वाट्याचं वाकते," ती म्हणाली. "एवढं करूनही तुलाच ठेवलं. मग कोणतं तोंड घेऊन तुझ्याशी बोलणार होते?"

अशा वेळी दोघी गळ्यात पडतील असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. घडीताई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पाठीचं सांगितलंस?" आणि मग पुन्हा, जरा मोठ्यानं, तेच. उरलेली चित्रं शिडीनं तशाच सावकाश पावलांनी पाहिली, पिशवी सावरली आणि मान वाकवून दाराबाहेर गेली.

पुढचे तीन आठवडे घडीताई धुमसत होत्या. प्रदर्शन संपलं, चित्रं घरी गेली, तरी त्या दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून माझ्या दुकानात यायच्या आणि तोच विषय काढायच्या. बारा वर्षं त्यांनी ती पाठ लपवली होती. सुपरवायझरसमोरून जाताना ताठ चालायच्या, घरी गेल्यावर फरशीवर आडव्या व्हायच्या. सगळ्या इस्पितळात ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसानं ते असं टेबलावर नेऊन ठेवलं. मी ऐकून घ्यायचो. एकदा मात्र न राहवून म्हटलं, की ताई, बारा वर्षं ती तुमच्या वाट्याचं वाकली हेही खरंच की. त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, टेबलावरची काचेची किरची उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि निघून गेल्या. चष्मेवाला म्हणाला, आता तुमचं एक गिऱ्हाईक तुटलं.

गिऱ्हाईक तुटलं नाही. भावजयीनं सांगितलं ते असं: त्या रविवारी त्या वर्गाला गेल्याच नाहीत. सकाळी उठून कपाटातला जुना ॲप्रन काढला. शिडीनं दिलेला तोच, बारा वर्षं त्याची घडी मोडली नव्हती. तो पिशवीत घातला आणि जेवून बाहेर पडल्या. दिवेलागणीला परत आल्या तेव्हा पिशवी रिकामी होती. भावजयीनं खूप खोदून विचारलं. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, फक्त तिची सून फार बडबडी आहे आणि तिच्या घरी खुर्च्या फार उंच आहेत, असं म्हणाल्या.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी शिडी यायला लागली. मागच्या खोलीत बसायची. घडीताई रंगवायच्या आणि ती चुका काढायची. नळाची पाइप डावीकडे होती, उजवीकडे नाही. प्रसूतीच्या चादरीला दोन निळ्या रेघा, एक नव्हे. चित्रं तिला आवडतात असं तिनं कधी कबूल केलं नाही. एवढा कोरा कागद सोडून देणं तिला वाया घालवल्यासारखं वाटे.

मास्तरांना मात्र मोठी आशा लागली होती. आता दुसरं टोक कागदात येईल, दोघी समोरासमोर दिसतील, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी मला मोठी चौकट कापून ठेवायलाही सांगितलं होतं. चार महिन्यांनी नवं चित्र आलं. दोन हात, चादर, आणि चादर उजवीकडे कागदाबाहेर. मास्तरांनी जरा नाराजीनंच विचारलं, की ती बाई आता भेटली, मग ती चित्रात का नाही. घडीताईंना प्रश्नच कळला नाही बहुतेक.

"तिला कशाला काढू?" त्या म्हणाल्या. "ती समोरच बसलेली असते."

त्यानंतर नऊ वर्षं त्या काढत राहिल्या. मोठी चौकट मी एका क्रिकेट संघाच्या फोटोला वापरली. चित्रं मात्र बदलली, आणि ते आधी मास्तरांनी नव्हे, मी ओळखलं. पूर्वी चादर ताणलेली असे, झटका देऊन थांबल्यासारखी. आता तिला मध्ये झोळ यायला लागला, दोघी एकमेकींकडे चालत निघाल्या की येतो तसा. मी ते बोलून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, की मग काय, तशीच किती वेळ ताणून धरणार, हात दुखतात.

गेल्या वर्षी इस्पितळानं प्रतीक्षागृहासाठी एक चित्र मागितलं. कुठलं द्यायचं ते शिडीनं ठरवलं. आम्ही तिघं मिळून ते लावायला गेलो. माझ्या हातात ड्रिल, चित्र शिडीच्या काखेत, आणि घडीताई पुढे वाट दाखवत. धुलाईखाना आता तिथे नाही, कपडे बाहेर कुठेतरी धुवायला जातात. त्या जागेत जुन्या कागदपत्रांची कपाटं आहेत. दोघींना ती जागा बघायची होती. तिथल्या कारकूनबाईंनी आधी कुरकुर केली, मग आत घेतलं. मी प्रतीक्षागृहात भिंतीला भोक पाडलं, चित्र लावलं, पाणसळ लावून ते सरळ आहे का बघितलं, धूळ पुसली, तरी दोघींचा पत्ता नव्हता. जाऊन पाहिलं तर कारकूनबाईंनी त्यांना खुर्च्या दिल्या होत्या आणि कपाटांच्या दोन रांगांमध्ये बसून दोघी कारकूनबाईंना सांगत होत्या, रोलर कुठे होता, वाफ कुठून यायची, आणि कुठल्या खिडकीत डबे ठेवले की जेवण गरम राहायचं. एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. कारकूनबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं होतं.

मी दारातूनच हात केला. त्यांनी पाहिलं नाही. एका लग्नाच्या फोटोची चौकट संध्याकाळपर्यंत द्यायची होती, म्हणून मी शिपायाकडे निरोप ठेवला आणि बस धरली.